ठरलेल्या बोलीपेक्षा दहापट

ते प्रकरण आजही जसेच्या तसे आठवते. माझ्या नोकरीतल्या कितीतरी मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. हे प्रकरण एका अर्जावर सुरू झाले आणि त्याच अर्जावर संपले, तरी त्यातली माणसे आणि त्यांची वाक्ये डोक्यातून गेलेली नाहीत.

दोन हजारचे दशक अर्ध्यावर आले होते. मी रत्नागिरीत सहायक पोलीस निरीक्षक होतो. एप्रिल महिना होता. आंब्याच्या हंगामात आमच्याकडे येणारे अर्ज साधारण ठरलेले असत: बागेतली चोरी, राखणदाराला मारहाण, हद्दीवरच्या कलमावरून भाऊबंदांत हाणामारी, ट्रकवाल्याने परस्पर विकलेल्या पेट्या. त्या सकाळी पूर्णगडच्या बाजूचे एक बागायतदार आले. वय साठीच्या पुढे, धुतलेला पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फुलस्केप कागद. अर्जात लिहिले होते की, शहरातील एका सायबर कॅफेच्या मालकीण बाईंनी त्यांच्या आंब्याची जाहिरात इंटरनेटवर चालवण्याचे काम घेतले आणि 'ठरलेल्या बोलीपेक्षा दहापट रक्कम' त्यांच्या मुलाच्या क्रेडिट कार्डावरून रोज काढून फसवणूक केली.

मी विचारले, "इंटरनेटवर जाहिरात म्हणजे नक्की कुठे?"

"ते शोधायचं पान असतं ना साहेब, तिथं. कोणी मुंबईत बसून हापूस म्हणून लिहिलं की उजव्या अंगाला आपलं नाव येतं. त्याच्यावर दाबलं की आपलं पान उघडतं. पेटीची ऑर्डर तिथंच देता येते. वाशीचा दलाल नको, काय नको."

"आणि पैसे कसे ठरले होते?"

"बोलीप्रमाणे. चाळीस. आणि कापले रोज चारशे."

मी टिपण केले: 'तोंडी करार, रोज रुपये चाळीस.' पुढचे चार दिवस या टिपणातल्या चुकीमागे गेले. ते तेव्हा कळले नाही.

वरिष्ठ निरीक्षकांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे सरकवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास तेव्हा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असे. साधी फसवणूक असेल तर ठाण्याला गुन्हा दाखल करता येत होता. साहेब म्हणाले, "वरून फोन आलाय. चार दिवसांत ठरवा. कलम चारशे वीस होत असेल तर गुन्हा घ्या, मशीन जप्त करा, मोकळे व्हा."

मशीन जप्त करणे हे ऐकायला सोपे होते. जप्त केलेले संगणक पंचनामा करून, सील करून मुंबईच्या प्रयोगशाळेत जात आणि तिथून परत यायला किती महिने लागतील हे कोणी सांगू शकत नसे. दुकान म्हणजे तेच पाच संगणक.

स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून मी महिला पोलीस नाईक बरोबर घेऊन दुकानात गेलो. तिथे परदेशात नोकरीला गेलेल्यांच्या बायका, आया, बहिणी येऊन डोक्याला आवाजाचे यंत्र लावून घरच्या माणसांशी बोलत असत. मालकीण बाई तिशीच्या आतबाहेर. माहेर मिरकरवाड्याचे, नवरा सौदीला. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी दोन खुर्च्या पुढे केल्या आणि गिऱ्हाइकांना सांगितले, "आज लवकर बंद करतेय. उरलेला वेळ उद्या वापरा."

पोलीस दारात आल्यावर गिऱ्हाइकांचा उरलेला वेळ लक्षात ठेवणारी व्यक्ती मी तोवर पाहिली नव्हती. याची नोंद मी जबाबात केली नाही, पण मनात ठेवली.

"तुम्ही रोज चारशे काढले?" मी विचारले.

"मी नाही काढले. कंपनी कापते. रोजची कमाल मर्यादा चारशे, ती काकांना सांगूनच ठेवली. सगळे पैसे कार्डावरून थेट जातात, माझ्या हातातून नाही. माझी मजुरी पूर्ण हंगामाची एकरकमी, ती वेगळी."

"पण ठरले होते चाळीस."

"चाळीस मी कधीच ठरवले नव्हते. मी चार ठरवले होते."

अर्जात चाळीस, यांच्या तोंडी चार. मी त्यांची वही मागितली. वही देताना त्या थोड्या अडखळल्या. वहीत रोजच्या तारखेपुढे चारचा आकडा होता. नंतरच्या पानांवर चार, मग खोडाखोड, मग चाळीस, परत खोडून चार. खोडाखोड दिसली की पोलिसाचे लक्ष तिथे जाते. मी बोट ठेवले.

"हे काय?"

"मी संध्याकाळी चार करून जायची. दुसऱ्या दिवशी बघितलं तर चाळीस."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

"साहेब, खातं काकांच्या मुलाच्या नावावर. मला वाटलं, इथल्याच कुठल्या गिऱ्हाइकाने पासवर्ड चोरला. सांगायला गेले असते तर माझ्याच दुकानातून चोरीला गेला असं झालं असतं. मी आपली रोज चार करत राहिले."

ही कबुली होती आणि संशय वाढवणारीही होती. मी त्यांना म्हटले की मला यातले काही कळत नाही, पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितले आणि मी ते माझ्या डायरीत माझ्या शब्दांत लिहून घेतले.

कोणी 'हापूस' असा शब्द शोधला की त्या शब्दावर जाहिरात देणाऱ्यांची नावे दिसतात. नाव नुसते दिसण्याला पैसे लागत नाहीत. त्यावर कोणी दाबले तर दर दाबण्याला लागतात. एका दाबण्याला आपण जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहोत, तो आकडा आधी सांगून ठेवायचा. ज्याचा आकडा मोठा त्याचे नाव साधारणपणे वर.

"मग चार का? तीन का नाही, दहा का नाही?"

"माझी आई बंदरावर लिलावात मासळी घ्यायची," त्या म्हणाल्या. "ती आधी मनात धरायची, आज ही पाटी बाजारात कितीला जाईल. त्यातून बर्फ वजा, रिक्षा वजा. उरलं त्याच्या आत तोंड उघडायचं. आकडा त्याच्या वर गेला की गप्प. बाकीच्या बायका हसायच्या, आज हिला काय मिळालं नाही म्हणून. आई म्हणायची, हसू दे. हे पण तेच आहे."

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवले. एका पेटीमागे खोका, गवत, वाहतूक जाऊन काकांना दोनशे चाळीस सुटत. पहिल्या दहा दिवसांचा अनुभव असा की, चाळीस माणसांनी दाबले तर त्यातला एक पेटी घेई. दोनशे चाळीस भागिले चाळीस, म्हणजे एका दाबण्याची किंमत सहा. "सहा दिले तर फुकट हमाली. म्हणून चार. दोन काकांचे."

"आणि चाळीस दिले तर?"

"चारशे रुपयांत दहाच माणसं. दुपारच्या आत मर्यादा संपते, नाव गायब होतं. चार दिवसांनी एक पेटी जाते. आणि ती एक पेटी सोळाशेला पडते."

बरोबर आलेल्या महिला नाईक इतका वेळ शांत होत्या. त्या म्हणाल्या, "सोळाशेची जाहिरात, दोनशे चाळीस सुटायला? माणूस शुद्धीवर होता का?" त्यांना गप्प बसायची खूण करावी लागली.

बाईंनी पडद्यावर खात्यातील बदलांची यादी उघडली. आकडा चाळीस केल्याच्या वेळा तिथे होत्या. सगळ्या सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यानच्या. त्या भागात तेव्हा सकाळी नऊ ते बारा भारनियमन असे. मी वीज मंडळाच्या कार्यालयातून वेळापत्रक मागवले, दोन शेजारच्या दुकानदारांना विचारले. त्या वेळेत दुकानातला इन्व्हर्टर फक्त एक पंखा आणि एक ट्यूब चालवत असे, संगणक बंदच असत. बाई दुसरीकडे जाऊन हे करू शकल्या असत्या, पण कशासाठी? पैसे त्यांच्याकडे येत नव्हते, मजुरी वाढत नव्हती. ज्या कृत्याने कोणाचाच खिसा भरत नाही त्याचा मागोवा घेणे फार अवघड असते.

त्या दिवशी निघताना बाईंनी हळू आवाजात विचारले, "साहेब, मशीन नेणार काय?"

"अजून ठरलं नाही."

"दिराने सौदीला फोन करून सांगितलंय. हे म्हणतात, पोलीस आले म्हणजे काहीतरी असणारच, दुकान बंद कर आणि चावी भावाकडे दे." मग त्यांनी दोन खुर्च्या उचलून जागेवर ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी आमचे हवालदार खबर घेऊन आले. स्टँडजवळच्या दुसऱ्या सायबर कॅफेत एक गृहस्थ रोज सकाळी येतात, बरोबर अर्धा तास बसतात, हापूस शोधतात आणि एकाच जाहिरातीवर दाबतात. त्या भागात सकाळी वीज असे. हवालदार म्हणाले, "साहेब, कोण असेल सांगा. तक्रारदाराचा चुलत भाऊ. बांधाला बांध लागून आहे. बारा वर्षं बोलत नाहीत."

मला वाटले, माणूस सापडला. त्याने पासवर्ड मिळवला असावा आणि सकाळी बसून आकडा वाढवत असावा. मी त्यांना चौकशीला बोलावले. ते आले, खुर्चीत सैल बसले, मला उलट विचारले, "आंबा चोरीचं काय आहे काय?"

"तुम्ही रोज सकाळी चुलत भावाची जाहिरात उघडता?"

"उघडतो. तो पेटी कितीला लावतो ते बघतो. बघायला काय पैसे पडतात काय?"

"पडतात. त्यांचे."

त्यांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता आली ती खोटी असणे शक्य नव्हते. "एकदा बघितलं की? किती?"

"अडतीस-चाळीस."

"देवा शप्पथ?" मग थोडा विचार करून, "मी रविवारी दोनदा बघतो."

हवालदार तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागले. मी आवाज चढवून पासवर्डबद्दल विचारले. त्यांना पासवर्ड म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हते. त्यांची स्वतःची जाहिरात पुण्याचा जावई सांभाळत होता. "आमचं एवढंच असतं साहेब. सकाळी बघायचं, तो वर दिसला की जावयाला फोन. जावई आकडा वाढवतो. दुसऱ्या दिवशी तो परत वर. मग परत फोन."

"तो वर गेला तर तुमचं काय जातं?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी नुकताच देशावरून बदलून आलो होतो. "वर तो आणि खाली आम्ही? गाव काय म्हणेल?"

"गाव कुठे बघतंय ते?"

"मुंबईला अर्धं गाव आहे. ते बघतात."

रोजचे एक दाबणे म्हणजे दहातले एक. बागायतदाराचे नुकसान त्याने थोडे होत होते, पण आकडा हे गृहस्थ वाढवत नव्हते. पासवर्ड माहीत असलेला एकच माणूस उरला होता, ज्याचे कार्ड होते तो मुलगा. मी ठाण्यातून मुंबईला फोन लावला. मुलगा ऑफिसात होता, सरळ बोलला.

"हो, मीच वाढवायचो. बाबांचा सकाळी फोन यायचा, चाळीस कर. मी करायचो. संध्याकाळी कसं कोण जाणे परत चार व्हायचं. मला वाटलं सिस्टीमचा प्रॉब्लेम."

"वडिलांना विचारलं नाही, परवडतं का?"

"साहेब, आंब्याचं त्यांना कळतं. मी मध्ये पडत नाही."

म्हणजे आकडा तक्रारदाराने स्वतः वाढवला होता. खोटी तक्रार दिली, असे माझे मत झाले आणि मला रागही आला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावले. साक्षीदाराला विचारतात त्या पद्धतीने न विचारता सरळ आरोपीसारखे विचारले.

"आकडा चाळीस करायला मुलाला तुम्ही सांगितलंत?"

"हो. मीच. त्यात काय?" ते जराही बिचकले नाहीत.

"मग बाईंवर अर्ज कशाला दिलात?"

"तेच तर सांगतोय साहेब. चाळीसची बोली मी केली. वरची जागा मला सुटली. रोजचे चाळीस द्यायला मी तयार आहे, ना म्हणत नाही. वरचे तीनशे साठ कोणाचे?"

मी पेन खाली ठेवले. "बोली म्हणजे काय, मला नीट सांगा."

बोलीचा अर्थ पोलिसाला सांगावा लागतो याचे त्यांना आश्चर्य वाटले. पण त्यांनी सांगितले. त्यांच्या गावात देवळाच्या आवारातल्या माडांची दर वर्षी बोली होते. गाव सभामंडपात बसते, आकडे चढत जातात, ज्याचा शेवटचा आकडा त्याला माड सुटतात. तो आकडा एकदाच भरायचा. मग वर्षभर नारळ पडो न पडो, मोजून कोणी जास्त मागत नाही. गेली बारा वर्षे ही बोली ते किंवा त्यांचा चुलत भाऊ यांच्यातच सुटत होती. जाहिरातीची बोली रोजची असते एवढे त्यांनी समजून घेतले होते. रोज सकाळी आकडा बोलायचा, जागा सुटली की दिवसभर आपली.

"बाईंनी सांगितलं नव्हतं, दर दाबण्याला पैसे लागतात?"

"बोलली होती भाभी कायतरी क्लिकचं. मला वाटलं ते कंपनीचं आतलं. बोली सुटल्यावर परत पैसे कोण मागतं?" मग ते किंचित पुढे झुकले. "आणि मी रोज बघतो ना, उघडतंय की नाही. बाजारात गेलो की एकदा, घरी येताना एकदा. डोंबिवलीच्या बहिणीलाही सांगून ठेवलंय, तू पण बघत जा."

आता माझ्या जुन्या टिपणाकडे मी परत पाहिले. बाईंनी त्यांना समजेल असा शब्द म्हणून 'बोली' म्हटले, ती बंदरावरच्या लिलावातली, पाटीमागे बोलायची. बागायतदारांनी ऐकली ती माडांची. अर्ज वाचताना मी त्याच शब्दाचा अर्थ तोंडी करार असा घेतला आणि तसे लिहूनही ठेवले. तिघेही मराठीच बोलत होतो.

मी बागायतदारांना घेऊन दुकानात गेलो. बाईंनी पुन्हा कागद काढला आणि दोनशे चाळीसचा हिशेब मांडला. ते बघत राहिले. मग विचारले, "आणि तो खालचा? तो किती देतो?"

"तेच तर काका. यात आपण बोललेला आकडा पूर्ण द्यावा लागत नाही. आपल्या खालचा जेवढा बोललाय त्याच्यापेक्षा थोडा जास्त द्यायचा. तुम्ही चाळीस बोललात, पण खालचा अडतीसवर आला म्हणून तुम्हाला जवळजवळ चाळीस लागले. तो पाचवर असता तर साडेपाच लागले असते."

"म्हणजे माझे पैसे त्याच्यामुळे गेले?"

"आणि तो वर असतो तेव्हा त्याचे तुमच्यामुळे."

बागायतदार कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मी चारवर आलो तर तो वर दिसणार."

"दिसेल. दिसू दे. पण तुमचे चारशे दुपारी संपणार नाहीत, दिवसभर तुम्ही खाली दिसत राहाल. लोक आंबा जेवण झाल्यावरच शोधतात, काका, मी बघितलंय."

त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "साहेब, अर्ज मागे घेतो. भाभी, तू चार कर. मुलाला मी सांगतो हात लावू नको म्हणून." माफी त्यांनी मागितली नाही. उठताना आपल्या खिशातले दुकानाचे एक कार्ड काढून त्यांनी परत टेबलावर ठेवले आणि त्यावर मुलाने दिलेला पासवर्ड लिहिलेला दाखवला, "हा बदलून टाक. मला पण सांगू नको."

मी ठाण्यात येऊन अर्ज निकाली काढला. नेहमीचे वाक्य लिहिले: 'सदर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असून अर्जदार यांनी अर्ज मागे घेतल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' बाईंनी प्रत मागितली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या आईबरोबर आल्या, बाकावर बसून कागद वाचला, परत वाचला.

"साहेब, यात माझी चूक नाही असं कुठे लिहिलंय?"

मी कागद घेतला आणि वाचला. ते कुठेच लिहिलेले नव्हते. अर्ज मागे घेतला म्हणजे मिटवामिटवी झाली असा कोणीही अर्थ काढला असता. सौदीत बसून हा कागद वाचणाऱ्या नवऱ्याने तर काढलाच असता. ते वाक्य मी अठरा वर्षे लिहीत होतो. शेकडो लोकांनी ते हातात घेऊन घरी नेले असेल, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या बाजूने ते मी तोवर एकदाही वाचले नव्हते.

मी नवीन कागद घेतला. नेहमीच्या वाक्याखाली लिहिले: 'चौकशीत गैरअर्जदार यांनी आपले काम ठरल्याप्रमाणे केल्याचे दिसून आले. त्यांच्याकडून कोणतीही फसवणूक अथवा निष्काळजीपणा झालेला नाही.' तो कागद घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचून विचारले, "हे कुठल्या नमुन्यात आहे?"

"कुठल्याच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग सही केली.

बाईंनी प्रत घेतली. त्यांच्या आईने विचारले, "काय लिवलंय गो?" त्यांनी ती दोन वाक्ये तिला हळूहळू वाचून दाखवली. आईने कागद हातात घेतला, शिक्का कुठे आहे ते बघितले, त्यावर बोट ठेवले आणि परत दिला. "स्कॅन करून पाठवते आजच," बाई मला म्हणाल्या. दुकानाची चावी त्यांच्या पर्सला बाहेरून लावलेली होती.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते दोन कामांत येते. तक्रारदार जो शब्द सहज वापरतो, त्याचा अर्थ मी नंतर प्रत्येकाला विचारत गेलो, कितीही साधा शब्द असो. आणि चौकशीत ज्याचा दोष निघाला नाही, त्याच्या कागदावर तसे लिहीत गेलो. काही वरिष्ठांनी ते वाक्य लाल शाईने कापले. मी पुढच्या कागदावर ते परत लिहिले.